गनीचाचांचा कान

गनीचाचा पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मी सवयीनं त्यांच्यापुढे बहिरेपणाचा फॉर्म सरकवला. त्यांनी तो न वाचताच परत सरकवला.

“ताई, मला कमी ऐकू येत नाय,” ते म्हणाले. “जास्त ऐकू येतंय. त्योच वांदा हाय.”

मी हेमलता ताम्हनकर. मिरजेत गेली सव्वीस वर्षं लोकांचे कान तपासते आणि श्रवणयंत्रं बसवते. आमच्या गावात एका गल्लीत दवाखाने आणि पुढच्या गल्लीत तंबोरे, त्यामुळे कान हा विषय इथं सगळेच मनावर घेतात. अब्दुलगनी शिकलगार, म्हणजे गनीचाचा, हे तंबोरे करणाऱ्यांतले सगळ्यात जुने. वय एकाहत्तर. तंबोरा बरेच जण करतात, पण जवारी काढावी ती गनीचाचांनी, असं धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवई म्हणायचे.

जवारी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा अगदी हलका गोलसर घासावा लागतो. तो नेमका जमला की तार नुसती वाजत नाही, गुंजते, आणि एका तारेतून अनेक सूर ऐकू येतात. केसभर जास्त घासलं गेलं की आवाज बसतो. चाचा कानशीचा एक हात मारायचे, तार छेडायचे, तोंड वाकडं करायचे आणि पुन्हा घासायचे. मनासारखं झालं की तंबोरा कुणाच्या तरी हातात देऊन स्वतः रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जायचे आणि तिथून ऐकायचे. तिथंही तोंड वाकडं झालं नाही, तरच तंबोरा गिऱ्हाइकाला मिळायचा. त्या वाकड्या तोंडाला अख्खी गल्ली भ्यायची.

मी त्यांचे कान तपासले. एकाहत्तराव्या वर्षी माझ्या मुलापेक्षा बरे होते.

“मग नेमकं काय होतंय, चाचा?”

ते जरा घुटमळले आणि मग मुलीबद्दल बोलायला लागले. शिरीन ही त्यांची एकुलती एक. मिरजेतच गाणं शिकली, मग ध्वनिशास्त्र शिकायला बंगळुरूला गेली आणि तिथलीच झाली. तिथं ती आणि तिचा नवरा चार कुटुंबांच्या सामाईक घरात राहतात. स्वयंपाकघर एक आणि मुलं सगळ्यांची. चाचा महिनाभर राहायला म्हणून गेले होते ते तिसऱ्या दिवशी परत आले. “नातू कुणाच्या ताटात जेवतोय आन् कुणापाशी झोपतोय, काय पत्ताच नाय,” असं त्यांनी गल्लीत सांगितलं होतं. पण ते एक वेळ चाललं असतं. खरी गोची तिच्या गाण्याची होती.

आपल्या गाण्यात ‘सा’पासून वर चढत गेलं की पुन्हा ‘सा’ भेटतो. वरच्या ‘सा’ची कंपनं खालच्याच्या बरोबर दुप्पट असतात. जगातलं बहुतेक संगीत या दुपटीवर उभं आहे. परदेशात काही मोजकी मंडळी दुपटीऐवजी तिपटीवर जातात आणि त्या अंतराचे तेरा भाग करतात. शिरीननं तारा त्या हिशेबानं लावून तो प्रकार तंबोऱ्यावर आणला; ती तो वाजवत वाजवतच गाते. तिच्या संगीतात वर जाताना ओळखीचा ‘सा’ भेटतच नाही. आपण घराचं दार वाजवतो आणि आतून भलताच माणूस दार उघडतो, तसं वाटतं. मी ते ऐकलंय. पाचव्या मिनिटाला मला घरची कामं आठवायला लागली होती.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात तिचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. चाचा पहिल्या रांगेत होते. दहाव्या मिनिटाला ते उठले आणि दाराशी जाऊन म्हणाले, “बेसूर हाय.” त्यांना हळू बोलता येत नाही. सगळ्या सभागृहानं ते ऐकलं, शिरीननंही. तेव्हापासून ती बापाशी बोलली नव्हती.

आणि आता आमच्या गावच्या जानेवारीतल्या संगीतसभेनं तिला बोलावलं होतं. चार तंबोरे नवे लागणार होते. तिनं आत्येकडून निरोप पाठवला होता की जवारी गल्लीतल्या दुसऱ्या कुणाकडूनही करून घेईन.

“माझ्या पोरीचं तंबोरं दुसरा कोण करणार?” चाचा म्हणाले. “पर त्ये ऐकलं की मला मळमळतंय, ताई. खरंच पोटात ढवळतंय. खोटं तोंड करून बसाया मला येत नाय. तुमच्याकडं त्ये यंत्र आलंय म्हनं.”

ते यंत्र म्हणजे ‘ओळख’. हे मी २०४१ सालचं सांगतेय. तेव्हा ते बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपला मेंदू ऐकत नसतो, अंदाज करत असतो. तीन सूर कानावर पडले की चौथा काय येणार हे तो आधीच ठरवून मोकळा होतो. अंदाज बरोबर आला की बरं वाटतं. चुकला की मेंदूच्या देठातल्या नीलबिंदू नावाच्या चिमुकल्या ठिपक्यातून एक रसायन सुटतं आणि सगळ्या मेंदूला धक्का बसतो. सावध हो, काहीतरी वेगळं आहे, असा त्याचा अर्थ. जंगलात राहणाऱ्या माणसाला हा धक्का जीव वाचवणारा होता. नवी भाजी, नवे कपडे, नवी चाल, सुनेची नवी पद्धत, सगळ्याला तोच धक्का बसतो, आणि त्याला आपण ‘मला नाही आवडलं’ असं नाव देतो. वय वाढतं तसे अंदाज पक्के होत जातात आणि धक्का जोरात बसतो. म्हातारी माणसं मुद्दाम हेकटपणा करत नाहीत. त्यांना खरोखरच जास्त लागतं.

कानाच्या पाळीजवळून एक मज्जातंतू थेट त्या देठापर्यंत जातो. ‘ओळख’ ही कानामागे बसणारी शेंगदाण्याएवढी चकती त्या तंतूवर बारीक विद्युतस्पंदनं सोडते आणि तो धक्का दाबून टाकते. मेंदूला वाटतं, हे तर ओळखीचंच आहे.

मी त्या यंत्राची मोठी भक्त होते, हे कबूल करते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्याच्या काहिलीला कंटाळून चाळीस घरांचं एकच स्वयंपाकघर करायचं घाटत होतं. दोन वर्षं भांडणं चालली होती. आमच्या सासूबाई तर दुसऱ्याच्या हातची आमटी खाण्यापेक्षा उपास करीन म्हणाल्या होत्या. मी अकरा ज्येष्ठांना ‘ओळख’ बसवली आणि आठवड्यात सगळे सतरंजीवर मांडीला मांडी लावून जेवायला लागले. सासूबाई वाढायला पुढे. मला वाटलं, माणसामाणसांतलं निम्मं भांडण मी शेंगदाण्यानं मिटवलं.

तेव्हा चाचांना नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी चकती बसवली आणि शिरीनचं ध्वनिमुद्रण लावलं. सुरुवातीला त्यांनी गुडघे घट्ट धरले. मग बोटं सैल झाली. मग मान हलायला लागली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ते डोळे मिटून रडत होते.

“गोड हाय,” ते म्हणाले. “एवढं गोड हाय आन् मी उठून गेलो.”

त्यांनी माझ्यासमोरच शिरीनला फोन लावला. घरात ते दखनी बोलतात, त्यामुळे मला सगळं कळलं नाही. पण चाचा पुन्हा पुन्हा “बेटी, बेटी” म्हणत होते, ते कळलं. मलाही रडू आलं. त्या दिवशी माझ्याइतकी खूश बाई मिरजेत नसेल.

शिरीन आठ दिवसांत आली. चौतिशीची, बापासारखंच रुंद कपाळ, बोलणं तुटक. मी एकदा सहज दुकानात डोकावले तर ती वाजवत होती आणि चाचा कानस चालवत गुणगुणत होते. तिनं मला चहा दिला. “अब्बांना ऐकायचं यंत्र तुम्ही दिलंत ना? फार बरं केलंत,” म्हणाली. चाचा माझ्याकडे बघेनात. यंत्र नेमकं कसलं, हे त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. मीही चहा पिऊन निघून आले. तिथं मी बोलायला हवं होतं.

डिसेंबरच्या मध्याला दोन गोष्टी झाल्या. पहिली आमच्या सोसायटीतली. नवा आचारी आठ दिवस ज्येष्ठांच्या वेगळ्या आमटीत मीठ घालायला विसरत होता आणि अकराही ज्येष्ठांना त्याचा पत्ता नव्हता. एका पाहुण्यानं तोंडात घास घेतल्यावर उघडकीला आलं. आम्ही पोट धरून हसलो. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. आयुष्यभर घरातलं मीठ त्या नुसत्या वासावरून सांगायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे धारवाडच्या एका गवयानं चाचांचा तंबोरा परत पाठवला. सोबत अतिशय अदबीची चिठ्ठी होती की जवारी बंद आहे, चुकून दुसऱ्याचा तंबोरा आला असावा. चाचांच्या हातचा तंबोरा कधी परत आला नव्हता.

ते मला शिरीनकडून कळलं. ती भर दुपारी दवाखान्यात आली आणि बसलीही नाही.

“ताई, तुम्ही अब्बांच्या कानाला काय केलंत?”

“का, काय झालं?”

“त्यांचं तोंड वाकडं होत नाही,” ती म्हणाली. “काल त्यांनी माझ्या चौथ्या तंबोऱ्याची जवारी काढली. घोडीवर चार हात मारले, फुटपाथवर गेले आणि लगेच मान डोलावली. लहानपणापासून बघतेय, एका घोडीला ते तीन-तीन दिवस घेतात. आणि मी वाजवून बघितलं तर तारेत जीवच नाही. चारही तंबोरे मेलेले आहेत. ते मात्र म्हणतात, वा.”

मी तिला सगळं सांगितलं. सांगता सांगताच माझ्याही लक्षात येत गेलं. जवारी काढणं म्हणजे दुसरं काय असतं? हात मारायचा, ऐकायचं आणि काहीतरी चुकलंय हा धक्का बसायची वाट बघायची. धक्का बसेनासा झाला की थांबायचं. मी त्या माणसाचं हत्यारच काढून घेतलं होतं. नवं गाणं ऐकून पोट ढवळणारा आणि मेलेली जवारी पकडणारा धक्का एकच होता. मी आणि चाचा, दोघांनाही हे कळू नये याची मला लाज वाटली. मुलीचे तंबोरे तिचं गाणं आवडत असतानाच करायचे, या भाबड्या प्रेमापोटी त्यांनी काम करताना चकती एकदाही काढली नव्हती.

शिरीनच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. “म्हणजे त्यांना आवडलं नव्हतंच,” ती म्हणाली, आणि निघाली. मी दवाखाना तसाच टाकून तिच्यामागे गेले.

दुकानात चाचा धारवाडचा तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. शिरीन समोर उभी राहिली. माझ्यासाठी असेल किंवा रागानं असेल, ती मराठीतच बोलली.

“अब्बा, ते काढा कानामागचं.”

त्यांनी काढलं. तिनं आपला तंबोरा उचलला आणि पुण्यातलीच रचना वाजवत गायली. दोन मिनिटांत चाचांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले, मागच्या मोरीत गेले आणि तोंड धुऊन परत आले.

“बघितलंत?” शिरीन माझ्याकडे वळून म्हणाली. “मला हेच पुन्हा बघायचं नव्हतं.”

“दोन म्हैनं मी खोटं बोललो नाय, पोरी. मला खरंच गोड लागलं व्हतं.”

“तुम्हाला नाही. त्या यंत्राला.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. “ताई, दोन म्हैनं रोज ऐकलं की वो मी. कायतरी कानात राह्यलं आसंल का नाय?”

नाही म्हणून सांगताना मला फार जड गेलं. मेंदू शिकतो तो त्या धक्क्यानंच. अंदाज चुकतो, धक्का बसतो आणि पुढचा अंदाज जरासा बदलतो. असं शेकडो वेळा झालं की परकं ते आपलं होतं. धक्काच दाबला तर मेंदूला बदलायचं कारणच उरत नाही. दोन महिने त्यांनी ऐकलं आणि एक सूरही आत गेला नव्हता. पहिल्या दिवशी होते तिथंच ते उभे होते.

सभेला सतरा दिवस राहिले होते.

“दुसऱ्या कुणाकडून करून घेते मी जवारी,” शिरीन म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “तुम्हाला त्रास नको.”

“बस,” चाचा म्हणाले. “वाजव.”

“अब्बा, तुम्हाला उलटी झाली आत्ता.”

“व्हईना. मला आवडलं नाय तरी चालंल. पर तार काय मागतीय त्ये कळाया पायजे. त्याबिगर कानस कशी चालवू?” मग त्यांनी चकती माझ्या हातात दिली. “ह्ये न्या तुमी.”

त्यानंतरचे दिवस मी जमेल तेव्हा दुकानात जात होते. शिरीन सकाळी दोन तास वाजवायची. चाचा पहिले तीन दिवस मधेच उठून मोरीत जायचे आणि परत येऊन बसायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, “अब्बा, असं सुतकी तोंड करून समोर बसू नका, मला वाजवता येत नाही.” तेव्हा ते फुटपाथवर जाऊन बसले आणि रस्त्यापलीकडून ऐकत राहिले. येणारे-जाणारे विचारायचे, चाचा, काय झालं, घरातनं काढलं का. चाचा म्हणायचे, व्हय, शाळेत घातलंय.

आठव्या दिवशी त्यांनी घोड्या बदलल्या आणि पहिलीपासून पुन्हा घासायला घेतल्या. आता तोंड वाकडं व्हायचं, पण सगळीकडे नाही. शिरीन एक सूर धरून राहायची, ते हात मारायचे, ऐकायचे, मान नकारार्थी हलवायचे. एका सकाळी मी गेले तेव्हा तिसरा तंबोरा झाला होता आणि त्याची तार दुकानभर गुंजत होती. मला अजूनही ते संगीत परकंच होतं, पण तार जिवंत आहे एवढं कळत होतं. शिरीननं तंबोरा खाली ठेवला आणि डोळे पुसले. चाचांनी ते पाहिलं आणि चौथी घोडी उचलली.

“आवडायला लागलं का?” मी त्यांना हळूच विचारलं.

“नाय,” ते म्हणाले. त्यांना हळू बोलता येत नाही हे मी विसरले होते. शिरीननं ऐकलं. तिनं खाली ठेवलेला तंबोरा पुन्हा उचलला.

जानेवारीतसुद्धा दुपारचं ऊन सोसत नाही म्हणून सभा सकाळी साडेसहालाच असते. सभागृह भरलं होतं. शिरीन मधोमध बसली, चार नवे तंबोरे चार साथीदारांच्या हातात, आणि तिच्या हातात तिचा आधीचा. सुरुवात झाली आणि पंधरा मिनिटांत मागच्या रांगा हलायला लागल्या. काही जण उठून गेले. मला त्यांचा राग आला नाही. आणखी एक गोष्ट दिसली. बरीच मंडळी कानामागे चकती लावून आली होती, आणि ती सुखानं डोलत होती. एकसारखी डोलत होती, जिथं सूर चढत होता तिथंही आणि जिथं शिरीन नुसता घसा साफ करत होती तिथंही.

चाचा पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. चकती नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, चेहऱ्यावर सुख नावालाही नाही. पाऊण तास ते तसे बसून राहिले. मग एका ठिकाणी, शिरीन अगदी वरच्या सुरांवर असताना, त्यांचं तोंड एकदम वाकडं झालं. कुणी चिमटा काढावा तसं. शिरीनचे डोळे नेमके त्याच क्षणी त्यांच्याकडे होते. तिनं ते पाहिलं आणि नजर खाली घातली. आता हे उठणार, असं वाटून मी त्यांच्या बाहीवर हात ठेवला. ते उठले नाहीत. शेवटपर्यंत बसले.

टाळ्या झाल्या, बऱ्यापैकी झाल्या. आम्ही मागच्या दाराशी गेलो. शिरीन पायऱ्यांवर उभी होती, घामानं भिजलेली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती काहीही ऐकायची तयारी करून उभी आहे.

“थांबलात,” ती म्हणाली. “त्याबद्दल शुक्रिया. आवडलं नाही ते दिसलं मला.”

“आवडलं नाय अजून,” चाचा म्हणाले. “पर त्ये ऱ्हाऊ दे. वर गेलीस तवा तुझ्या तंबोऱ्याची खुंटी सरकली. तुझा नववा सूर उतरला. जरासाच. तू लगेच आवाजानं झाकलास.”

शिरीन एक पायरी खाली उतरली.

“साथीला चौघं होती,” ती म्हणाली. “त्यांनाही नाही कळलं. अख्ख्या सभागृहात कुणालाच नाही कळलं.”

“मला कळलं. लागला मला त्यो.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “नववा आसा नसतोय.”

सभागृहातली ती सुखानं डोलणारी मंडळी बाहेर पडत होती, शिरीनला हात करून छान छान म्हणत होती, आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं. ती तिथंच पायरीवर बसली आणि तिनं बापाला हात धरून शेजारी बसवलं.

“अब्बा,” ती म्हणाली, “आणखी काय काय चुकलं?”

“लई चुकलंय,” चाचा म्हणाले. “आधी च्या सांग.”